रिकामे चौकोन

वडापावच्या गाडीवर क्यूआर कोड स्कॅन होतो, पिन टाकला जातो आणि मोबाइलवरचं चक्र फिरत राहतं. बँकेचा एसएमएस येतो, ४० रुपये वजा. गाडीवरचा स्पीकर मात्र गप्प. गिऱ्हाईक फोन पुढे करतं, गाडीवाला स्पीकरकडे बोट दाखवतो, मागे रांग चुळबुळायला लागते. भांडण होण्यासारखं काही नसतं, कारण दोघंही खरं बोलत असतात. पैसे गेलेत हे खरं आणि आले नाहीत हेही खरं.

ज्या प्रोग्रामरनं आपल्या ॲपमध्ये ‘पेमेंट झालं’ आणि ‘पेमेंट झालं नाही’ एवढ्या दोनच शक्यता धरल्या, त्याचा इथे कार्यक्रम होतो. रिझर्व्ह बँकेनं हे तिसरं ठिकाण ओळखलेलं आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात त्याची मुदतच घालून दिली आहे. यूपीआयनं एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे आपल्या खात्यातून वजा झाले आणि तिकडे जमा झाले नाहीत, तर फार तर टी+१ म्हणजे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत. दुकानदाराला पाठवले आणि त्याच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर टी+५. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ग्राहकाला हा परतफेडीचा नियम वाटेल. डिझाइन करणाऱ्यानं मात्र तो असा वाचावा: मधल्या अवस्थेला नाव आहे, तिला घड्याळ लावलेलं आहे आणि तिथून बाहेर पडायची वाट आखलेली आहे. स्टेट मशीन म्हणजे एवढंच. बाकी सगळा तपशील.

तिचं पूर्ण नाव फायनाइट स्टेट मशीन. मोजक्या अवस्था, एका वेळी त्यांतली एकच. बाहेरून येणाऱ्या मोजक्या घटना. आणि ‘या अवस्थेत ही घटना आली तर पुढे कुठे’ याचा ठरलेला हिशेब. १९५५ मध्ये जॉर्ज मीली आणि १९५६ मध्ये एडवर्ड मूर यांनी तिची जी दोन रूपं मांडली, ती आजही त्यांच्याच नावानं शिकवली जातात. तेव्हा विषय सर्किटचा होता, गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीचा नव्हता. ऑफिसात सगळे ‘स्टेट’च म्हणतात, पण ‘अवस्था’ हा शब्द मला जास्त आवडतो. ‘काय अवस्था करून ठेवलीय कोडची’ हे वाक्यही त्यात आपोआप बसतं.

ही कल्पना आपल्याकडे प्रत्येक पोराच्या हाताखालून गेलेली असते. सापशिडीत सोंगटी ४७ वर असेल तर ती शिडीनं चढून आली की सापानं गिळून खाली आली, याला पुढच्या फाशासाठी काडीची किंमत नाही. ४७ म्हणजे ४७. भूतकाळातलं जे पुढे लागणार आहे, ते सगळं अवस्थेत मावलं पाहिजे. जे मावत नाही ते विसरलं गेलं. रेल्वेच्या तिकिटात नेमकं उलटं दिसतं. पूर्ण वेटिंगवरचं ई-तिकीट चार्ट लागला की आपोआप रद्द होतं. खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट तसं होत नाही, ते जाऊन रद्द करावं लागतं. म्हणजे ‘वेटिंग’ ही एक अवस्था दिसली तरी तिकीट कुठून काढलं हे लक्षात ठेवल्याशिवाय पुढचा निर्णय होत नाही. तेव्हा त्या दोन अवस्था आहेत, स्क्रीनवर नाव एकच असलं तरी.

बहुतेक कोडमध्ये मशीन असतेच, फक्त ती विखुरलेली असते. ऑर्डरच्या टेबलात पाच हो-नाही रकाने असतात: पैसे आले, पॅक झाली, निघाली, पोचली, रद्द झाली. पाच रकान्यांच्या जोड्या ३२. सरळ व्यवहारात त्यांतल्या अर्थपूर्ण किती? नवी, पैसे आलेली, पॅक झालेली, निघालेली, पोचलेली या पाच. आणि निघण्याआधी तीन टप्प्यांवर रद्द झालेल्या तीन. एकूण आठ. उरलेल्या २४ जोड्या म्हणजे ‘रद्द झाली आणि पोचली’, ‘पॅक न होता निघाली’ असली भुतं. डेटाबेस त्यांना अडवत नाही. मग प्रत्येक स्क्रीनवर, प्रत्येक रिपोर्टमध्ये कुणीतरी ‘पैसे आले आणि रद्द नाही आणि...’ अशी अट लिहितो, एका ठिकाणी शेवटचं ‘आणि’ राहतं, आणि रद्द झालेली ऑर्डर कुरिअरवाल्याच्या हातात पडते. त्यात कॅश ऑन डिलिव्हरी आली की पैसे सगळ्यात शेवटी येतात आणि कालपर्यंतच्या भुतांपैकी एकदोन रीतसर रहिवासी होतात.

फ्लॅग, म्हणजे असा हो-नाही रकाना, किती महागात पडू शकतो याचं उदाहरण थेरॅक-२५ या कॅनडात बनलेल्या किरणोपचार यंत्राचं. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रानं सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेत याकिमा इथे झालेल्या अपघाताचं मूळ एका बाइटच्या फ्लॅगमध्ये होतं. तो शून्य नसेल तर ‘अजून तपासायचं आहे’ असा अर्थ होता. पण दर फेरीला त्यात ठरावीक आकडा ठेवण्याऐवजी एक मिळवला जात होता. एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे जागा नाही, त्यामुळे दर २५६ व्या फेरीला तो शून्य व्हायचा आणि तपासणी गाळली जायची. ऑपरेटरनं नेमकं त्या क्षणी बटण दाबलं. दुरुस्ती काय, तर मिळवण्याऐवजी शून्येतर ठरावीक किंमत ठेवणं. अवस्था सांगायला मोजणारा आकडा वापरला की ‘दोनशे छप्पन्नावी अवस्था’ असलं काहीतरी कुणाच्याही नकळत जन्माला येतं.

आता पेमेंटचीच मशीन कागदावर घेऊ. चित्र नको, आधी तक्ता. अवस्थांची वर्तुळं आणि एकीकडून दुसरीकडे जाणारे बाण दिसायला छान असतात, मीटिंगमध्ये माना डोलतात, पण चित्रात नसलेला बाण डोळ्यांना दिसत नाही. तक्त्यात तो रिकामा चौकोन म्हणून समोर बसतो.

डावीकडे सहा अवस्था: तयार आहे, उत्तराची वाट आहे, पैसे मिळाले आहेत, बंद आहे, परतावा चालू आहे, पैसे परत गेले आहेत. वर सात घटना: ‘भरा’ दाबलं, होकार आला, नकार आला, मुदत संपली, गिऱ्हाइकानं रद्द केलं, परतावा पोचला, परतावा फसला. नावं देताना मराठी फार उपयोगी पडते. अवस्था ‘आहे’नं संपते, घटना ‘आलं, झालं, दाबलं’नं संपते आणि करायचं काम ‘पाठव, नोंदव, थांबव’ असं आज्ञार्थी येतं. ‘पेमेंट प्रोसेस’ या नावाला हा नियम लावा. ती अवस्था आहे, घटना आहे की काम, हे ज्यानं ठेवलं त्यालाही सांगता येत नाही.

सहा गुणिले सात, बेचाळीस चौकोन. आपल्याला सहज सुचतात ते भरू. ‘तयार’मध्ये ‘भरा’ दाबलं की वाट. रद्द केलं किंवा मुदत संपली की बंद. ‘वाट’मध्ये होकार आला की मिळाले, नकार आला की बंद, मुदत संपली की गेटवेला (बँकेशी व्यवहार जोडून देणाऱ्या सेवेला) पुन्हा विचार आणि तिथेच थांब. ‘मिळाले’मध्ये रद्द केलं की परतावा चालू. परतावा पोचला की परत गेले; फसला की पुन्हा प्रयत्न, अवस्था तीच. झाले नऊ. ३३ रिकामे.

प्रोजेक्टचा खरा अभ्यास या ३३ मध्ये असतो आणि नेमका तोच केला जात नाही. कोडमध्ये ‘स्विच’च्या (एकेका शक्यतेला वेगळा रस्ता देणाऱ्या रचनेच्या) शेवटी एक ‘डिफॉल्ट’, म्हणजे ‘बाकी काहीही आलं तर’, लिहिला जातो आणि तो सगळे ३३ गिळून टाकतो. त्याऐवजी प्रत्येक चौकोनावर शिक्का मारावा. शिक्के तीन पुरतात: कानाडोळा, म्हणजे काहीच न करणं; नकार, म्हणजे समोरच्याला ‘होणार नाही’ सांगणं; आणि बोंब, म्हणजे आपल्या माणसांना जागं करणं.

‘मिळाले’मध्ये पुन्हा होकार आला: कानाडोळा. गेटवे तोच निरोप दोनदा, तीनदा पाठवतात. आपलं उत्तर वाटेत हरवलं तर पाठवणारच. पण कानाडोळा करताना त्यांना २०० चं, म्हणजे वेबच्या भाषेत ‘ठीक, मिळालं’ असं, उत्तर द्यायचं. आपण चुकीचा कोड फेकला तर ते ‘पोचलं नाही’ समजून पाठवतच राहतात. ‘वाट’मध्ये पुन्हा ‘भरा’ दाबलं: तोही कानाडोळा, बोट दोनदा पडलेलं असतं. ‘परत गेले’मध्ये ‘भरा’ दाबलं: नकार. संपलेला व्यवहार उठवून बसवायचा नाही, हवा तर नवा प्रयत्न नव्या नोंदीत. एका ऑर्डरला तीन प्रयत्न असू शकतात. ऑर्डरची मशीन वेगळी, प्रयत्नाची वेगळी. या दोन्ही एकाच रकान्यात कोंबल्या की पुढचं सगळं बिघडतं.

‘तयार’मध्ये होकार आला: बोंब. आपण पैसे मागितलेच नाहीत आणि आले कसे? एक शक्यता, कुणीतरी खोटा निरोप धाडलाय; म्हणून डिजिटल सही तपासल्याशिवाय निरोप मशीनपर्यंत येऊच द्यायचा नाही. दुसरी शक्यता आपल्याच घरातली. आधी गेटवेला विनंती गेली, मग ‘वाट आहे’ लिहायचं होतं, तेवढ्यात सर्व्हर बसला. म्हणून क्रम असा: आधी लिहा, मग पाठवा. लिहून पाठवायचं राहिलं तर मुदत संपल्यावर चौकशीत ‘असा व्यवहारच नाही’ असं कळतं आणि निस्तरता येतं. उलट्या क्रमात पैसे जातात आणि आपल्याकडे कागदच नसतो.

‘बंद’मध्ये होकार आला, हा सगळ्यात महागडा चौकोन. नकार आला म्हणून आपण दार लावलं आणि मागून होकार आला. कानाडोळा केला तर गिऱ्हाइकाचे पैसे अडकले. इथे शिक्का चालत नाही, बाण काढावा लागतो: परतावा चालू. दहावा बाण.

आणि एक चौकोन असा आहे की तो भरताना मशीनच वाढते. ‘वाट’मध्ये गिऱ्हाइकानं रद्द केलं. बंद करता येत नाही, कारण पैसे वाटेत आहेत. कानाडोळा करता येत नाही, कारण माणसानं स्पष्ट सांगितलंय. नकार दिला तर गिऱ्हाईक पुन्हापुन्हा दाबत बसेल. मग सातवी अवस्था लागते: ‘उत्तराची वाट आहे, पण रद्द हवं आहे’. इथे होकार आला तर थेट परतावा, नकार आला तर बंद. सात नवे चौकोन वाढले, पण ही अवस्था कुणालाही वर्तुळं काढताना सुचली नसती.

कोडमध्ये उतरवताना फार डोकं लढवायची गरज नाही. अवस्था, घटना, पुढची अवस्था, काम असा चार रकान्यांचा तक्ता आणि तो वाचणारं वीसेक ओळींचं फंक्शन बऱ्याच ठिकाणी पुरतं. वेबवाल्यांकडे एक्सस्टेट ही तयार लायब्ररी आहे, अर्लांग या भाषेत जेन-स्टेटएम भाषेबरोबरच येतं. लायब्ररी निवडण्यात आठवडा घालवून तक्ता अर्ध्या तासात उरकणं हा उलटा धंदा. डेटाबेसमध्ये मात्र एक गोष्ट चुकवू नये. आधी अवस्था वाचायची, मग कोडमध्ये ठरवायचं, मग लिहायची, या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा निरोप घुसतो. म्हणून अपडेटच्या अटीतच जुनी अवस्था घालायची: ‘या क्रमांकाची नोंद “वाट” असेल तरच “मिळाले” कर’. बदललेल्या ओळींचा आकडा एक आला तर आपण जिंकलो. शून्य आला तर कुणीतरी आधी येऊन गेलं; मग पुन्हा वाचून तक्त्यात नव्या अवस्थेचा चौकोन बघायचा. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळं होईल किंवा काहीच होणार नाही अशा एका गाठोड्यात, इतिहासाच्या टेबलात एक ओळ: कुठून, कुठे, कोणत्या घटनेनं, केव्हा, कुणी. सहा महिन्यांनी हिशेब तपासनीस येतो तेव्हा या टेबलाची किंमत कळते.

एसएमएसचं दुखणं वेगळं. आधी एसएमएस पाठवला आणि डेटाबेसचा बदल फसला तर आपण खोटं बोललो. आधी बदल केला आणि एसएमएसआधी सर्व्हर बसला तर गिऱ्हाईक अंधारात. म्हणून ‘पाठवायचा आहे’ अशी ओळ अवस्थेच्या बदलासोबत, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहायची आणि दुसऱ्या प्रोग्रामनं ती उचलून पाठवायची. फार तर तोच एसएमएस दोनदा जाईल, ते परवडतं. मीली आणि मूर यांच्यातला फरकही इथे कामाला येतो. काम मीलीसारखं बाणावर लावायचं की मूरसारखं अवस्थेवर? ‘मिळाले’ या अवस्थेत शिरताना एसएमएस पाठव असं लिहिलं आणि सर्व्हर पुन्हा सुरू होताना सगळ्या नोंदी आपापल्या अवस्थेत ‘शिरल्या’, तर पहाटे चारला जुन्या गिऱ्हाइकांना आभाराचे संदेश जातात. एकदाच व्हायचं काम बाणावर. घड्याळ लावणं, स्क्रीन रंगवणं असली पुन्हा केली तरी चालणारी कामं अवस्थेवर.

घड्याळावरून टीसीपी आठवतं. इंटरनेटवरची बहुतेक जोडणी ज्या नियमांवर चालते, ते सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ या नियमपत्रात अकरा अवस्थांची मशीन म्हणूनच लिहिले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ नं त्याची जागा घेतली, अवस्था त्याच अकरा. सर्व्हरवर ‘एसएस’ किंवा ‘नेटस्टॅट’ ही चालू जोडण्या दाखवणारी कमांड चालवली की त्या समोर दिसतात. टाइम-वेट, म्हणजे बंद झाल्यावर थोडा वेळ थांबलेल्या जोडण्या, हजारोंनी दिसल्या की नवखा माणूस घाबरतो. पण त्यांना घड्याळ आहे. लिनक्सवर ६० सेकंदांत त्या आपोआप संपतात. घाबरायचं क्लोज-वेटला. समोरच्यानं निरोप घेतलाय आणि आपल्या प्रोग्रामनं सॉकेट, म्हणजे जोडणीचं आपल्याकडचं टोक, बंद करायची वाट बघितली जातेय, अशी ती अवस्था. तिला घड्याळ नाही. प्रोग्रामर एका एरर-मार्गावर ‘क्लोज’ लिहायला विसरला की त्या एकेक करून साचतात आणि एक दिवस फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइली-जोडण्यांसाठी मिळणारे क्रमांक, संपतात. सर्व्हर पुन्हा सुरू केला की बरं वाटतं, म्हणून कारण महिनोन्‌महिने सापडत नाही. फिन-वेट-२ ला, म्हणजे आपण निरोप घेतलाय आणि समोरच्याच्या निरोपाची वाट आहे या अवस्थेला, तर मूळ नियमात मुदतच नव्हती. ज्या सॉकेटचा मालक प्रोग्राम निघून गेलाय, त्यासाठी लिनक्सनं ६० सेकंदांची स्वतःची मुदत लावली आहे. तिथला रिकामा चौकोन कागदावरच राहिला होता, तो चालवणाऱ्यांनी भरला.

यातून तक्त्यासाठी एक साधी तपासणी निघते. ज्या अवस्थेच्या नावात ‘वाट’ आहे किंवा असायला हवं, त्या प्रत्येकीच्या ओळीत ‘मुदत संपली’चा चौकोन भरलेलाच पाहिजे. शिवाय रोज एकदा विचारायचं: शेवटच्या नसलेल्या अवस्थेत २४ तासांहून जास्त अडकलेल्या नोंदी किती? हा आकडा हळूहळू चढत असेल तर तक्त्यात कुठेतरी बाहेर न पडणारी खोली आहे.

टेस्टसाठी प्रत्येक चौकोनाला एक, म्हणजे सात अवस्थांच्या तक्त्याला ४९. जास्त वाटतात, पण एका लूपमध्ये बसतात. त्यावर यादृच्छिक घटनांच्या हजारो माळा मशीनवर ओतायच्या आणि प्रत्येक पावलाला एकदोन गोष्टी तपासायच्या: पैसे मिळाल्याची नोंद नसताना परतावा निघाला का, एका होकाराला दोन परतावे गेले का. माणूस लिहील त्या टेस्टमध्ये घटना शहाण्यासारख्या क्रमानं येतात. गेटवेकडून तशा येत नाहीत.

मशीन फुगते तेव्हा मात्र तक्त्याचा राग यायला लागतो. पैशाच्या सात अवस्था आणि सामानाच्या पाच एकत्र गुंफल्या की पस्तीस होतात. दोन वेगळ्या मशीन शेजारी ठेवल्या की बाराच, आणि ‘पैसे मिळाल्याशिवाय पॅक करू नये’ एवढा एकच दोरा मधे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करताना हेच दुखणं बघितलं आणि अवस्थेच्या पोटात अवस्था, शेजारी-शेजारी चालणाऱ्या अवस्था अशी स्टेटचार्टची भाषा काढली. १९८७ चा त्यांचा निबंध त्यावरचा. पोटातल्या अवस्थांचा फायदा रोजचा आहे: ‘ॲडमिननं गोठवलं’ हा बाण बाहेरच्या डब्याला एकदाच लावायचा, आतल्या नऊ अवस्थांना नऊदा नाही. अतिरेक मात्र नको. तीन पातळ्यांपेक्षा खोल पोट काढलं की पुन्हा कुणालाच काही दिसत नाही. आणि ‘किती वेळा प्रयत्न केला’ हा आकडा अवस्था नाही. प्रयत्न-१, प्रयत्न-२, प्रयत्न-३ अशा अवस्था दिसल्या तर त्या एकत्र करून शेजारी मोजणी ठेवावी आणि बाणावर अट लावावी. मोजणी पुढची वाट ठरवायला, अवस्था ओळखायला नाही. कंसात कंस किती खोल गेले हे मोजण्यासारखी कामं तर या मशीनच्या आवाक्याबाहेरचीच आहेत.

चालू असलेल्या सिस्टिममध्ये नवी अवस्था घालायची वेळ येतेच, वरच्या सातवीसारखी. क्रम चुकला की रात्र जागवते. आधी वाचणारे सगळे भाग, म्हणजे रिपोर्ट, कस्टमर केअरची स्क्रीन, मोबाइल ॲप, यांना नवं नाव ओळखायला शिकवायचं आणि ते पसरू द्यायचं. लिहिणारा भाग सगळ्यात शेवटी. जुनं ॲप लोकांच्या फोनवर वर्षभर राहतं, तेव्हा अनोळखी नाव आलं तर कोसळायचं नाही, ही सोय पहिल्याच आवृत्तीत हवी. अवस्था काढून टाकताना उलट: आधी तिच्याकडे जाणारे बाण तोडायचे, नोंदी शून्य होईपर्यंत थांबायचं, मग नाव पुसायचं.

राहिली ती गिऱ्हाइकाला दिसणारी स्क्रीन. ‘वाट आहे’ या अवस्थेसाठी अनेक ॲप्स लाल फुली आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’चं बटण दाखवतात, कारण डिझाइनच्या फाइलमध्ये हिरवी आणि लाल अशा दोनच स्क्रीन काढलेल्या असतात. घाईतलं गिऱ्हाईक बटण दाबतं आणि एका वडापावचे दोनदा पैसे जातात. तिथे तिसरी स्क्रीन हवी: रक्कम, व्यवहार क्रमांक, ‘बँकेच्या उत्तराची वाट आहे, पुन्हा पैसे पाठवू नका’, आणि कोणत्या तारखेपर्यंत काय होईल ते. बटण हवंच असेल तर ‘स्थिती बघा’ एवढं एकच. तेच दुकानदाराच्या बाजूलाही, कारण स्पीकर गप्प राहतो तेव्हा त्यालाही काहीतरी ऐकायला मिळायला हवं.